टिलर खणंना, नुसतं पळतंय? इंजिन उघडायच्या आधी शेपटी बघा

गेल्या आठवड्यात सकाळी सातलाच तात्यांचा फोन. "आरं, तुझं मशिन मोकळं हाय का? माझं कालपास्नं नुस्तं पळतंय बघ. मातीत घुसायचं नावच काढंना."

चहा तसाच ठेवून गेलो. तात्यांचं परडं आमच्या परड्याला लागूनच, मधे फक्त एक शेवग्याचं झाड. बघतो तर तात्या हँडलला लटकलेले आणि मशिन शर्यतीतला खोंड सुटावा तसं पुढं ओढतंय. मागं माती नुसती खरवडलेली. दोन बोटंसुद्धा खोल गेलं नव्हतं.

तोवर तात्यांचे पैसे लागून गेले होते. प्लग नवा घातलेला, कार्बोरेटर साफ करून आणलेला, बेल्टची कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौकशी करून झालेली. मी खाली वाकून बघितलं. मागची शेपटी, म्हणजे भोकांची लोखंडी पट्टी, सगळ्यात खालच्या भोकात पिन घालून वर उचललेली. टेम्पोत चढवताना अडकू नये म्हणून पोरानं वर घेतली होती, उतरवल्यावर खाली करायची राहिली. पिन काढली, तिसऱ्या भोकात घातली, आणि मशिन चार इंच गेलं.

"एवढंच?" तात्या म्हणाले. आनंद कमी आणि राग जास्त. कुणावर काढावा ते मात्र कळंना.

हेच दुखणं माझ्या मशिनला पाच वर्षांत तीनदा झालंय, आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. लक्षण मात्र अगदी तेच: आवाज झकास, ब्लेड फिरतायत, मशिन उड्या मारत पुढं जातंय, रान मात्र जसंच्या तसं. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो. गावात ज्याला त्याला सांगून माझंही तोंड दुखतंय.

आधी मशिन कुठलं ते. माझं 7 एचपीचं पेट्रोल, 212 सीसी, फोर स्ट्रोक. ब्लेडचा रोटर इंजिनच्या खालीच, चालताना चाकं नाहीत. दुकानात याला पॉवर वीडर म्हणतात, मिनी टिलर म्हणतात, घरात आम्ही नुसतं मशिन म्हणतो. ज्यांच्याकडं बॅक रोटरी आहे, म्हणजे मधे चाकं आणि मागं ब्लेड, त्यांना शेपटीचा भाग थोडा वेगळा लागू होईल. तिथं पळण्याचा वेग चाकं धरून ठेवतात, पण कडक रानात ब्लेड जमिनीला रेटून अख्खं मशिन पुढं ढकलतात. धक्का तोच, फक्त जरा उशिरा बसतो.

शेपटी म्हणजे मागं उभी असलेली ती लोखंडी पट्टी, चार-पाच भोकं पाडलेली. कंपनीच्या पुस्तकात तिला डेप्थ बार म्हणतात. शेपटी हे नाव आमच्या घरात पडलं, पोरांनी पाडलं.

मशिन का पळतं?

यात चाकं नाहीत, मग मशिन पुढं जातं कशानं? ब्लेडनंच. ब्लेड माती खणतात आणि तेच चाकासारखे मशिनला पुढं नेतात. डांबरी रस्त्यावर सोडलं तर ते उड्या मारत निघूनच जाईल, कारण तिथं खणायला काही नाही. म्हणजे पळणं हा त्याचा स्वभाव आहे. त्याला अडवायचं काम शेपटीचं. शेपटी मातीत रुतली की मशिन मागं धरलं जातं, ब्लेडना पुढं सरकायला वाव राहत नाही, मग ते खाली जातात. बैलाला येसण असते तसं समजा.

तेव्हा मशिन पळत असेल तर प्रश्न दोनच. धरणारं काही आहे का? आणि ब्लेड मातीत घुसू शकतायत का? कार्बोरेटर या दोन्हींत कुठंच येत नाही.

आधी कान लावा

पाना हातात घ्यायच्या आधी दोन मिनिटं नुसतं ऐका. इंजिनचा आवाज मोकळा, एकसारखा, ब्लेड जोरात फिरतायत आणि मशिन पळतंय, असं असेल तर इंजिन ठणठणीत आहे. त्याला हात लावू नका. बिघाड जमिनीच्या बाजूला आहे, आणि या लेखातलं बरंचसं त्याबद्दलच आहे.

आवाज मोकळा आहे पण मातीत टेकवलं की ब्लेड थांबतात, तर ताकद मधेच कुठंतरी गळतीय. बेल्ट, क्लचची केबल किंवा रोटरची पिन.

आवाजच खाली बसतो, इंजिन कण्हतं आणि बंद पडतं, तर एक तर तुम्ही झेपेल त्यापेक्षा खोल लावलंय, नाही तर पेट्रोल किंवा हवा कमी पडतीय. क्लच सोडून, मशिन जागेवर ठेवून रेस वाढवून बघा. मोकळ्यावरही अडखळलं तर पेट्रोल-हवेकडं जा.

तात्यांनी हे ऐकलं असतं तर प्लगचे पैसे वाचले असते. पण आपल्याकडं मशिन बिघडलं की पहिला हात प्लगवर. माझे वडील तर टीव्ही बिघडला तरी "प्लग काढून बघ" म्हणायचे.

शेपटी कशी लावायची

मोकळ्या, एकदा खणलेल्या रानात मधलं भोक. एक भोक खाली घेतली की मशिन हळू होतं आणि खोल जातं, एक भोक वर घेतली की वेग वाढतो आणि खोली कमी होते. एवढं समजलं की बाकीचं हँडलवर. हँडल किंचित खाली दाबलं की शेपटी रुतते आणि मशिन जागेवरच खणत राहतं. किंचित उचललं की सुटतं. म्हणजे चालवताना हँडल ढकलायचं नसतं, नुसतं वर-खाली करायचं. पहिल्या दिवशी मी अख्खा वेळ ढकलत होतो, दुसऱ्या दिवशी खांदे उचलवत नव्हते.

शेपटी खूप खाली गेली तर उलटा ताप. मशिन एकाच जागी खड्डा करत खाली बसतं, हलत नाही. तेव्हा घाबरून रेस वाढवू नका. हँडल डावीकडं-उजवीकडं हलवत जरा उचला, बाहेर येतं. दोनदा-तीनदा झालं तर एक भोक वर.

दोन गोष्टी शेपटीच्या जोडीला येतात. एक, पुढचं वाहतुकीचं छोटं चाक. बऱ्याच मशिनना असतं, रानात गेल्यावर ते वर घडी करायचं असतं. ते खाली राहिलं तर मशिन त्या चाकावरच तरंगतं. हसू नका, आमच्या गल्लीत एकानं अख्खी संध्याकाळ तसं चालवलंय. दुसरी, हँडलची उंची. शेपटी रुतल्यावर हँडल साधारण कमरेशी आलं पाहिजे. छातीशी असेल तर तुम्ही नकळत त्याला लोंबकळता, ब्लेडवरचं वजन उचललं जातं आणि मशिन आणखी पळतं. शेपटी दोन भोकं बदलली की हँडलचा नटही एकदा बघून घ्या.

ब्लेड उलटे बसले तर

माझा पहिला फटका हा. मशिन 2020 च्या दिवाळीच्या सुमारास घेतलं. महिन्याभरात धाकट्या भावानं ब्लेड काढून, घासून, धुऊन परत बसवले. काम मन लावून केलं होतं, ग्रीसही लावलं होतं. दुसऱ्या दिवशी मेथीसाठी वाफा करायला घेतलं तर मशिन पळायला लागलं. शेपटी बघितली, बरोबर होती. दोन दिवस मी शेपटीशीच भांडत बसलो.

तिसऱ्या दिवशी मशिन आडवं न करता नुसतं खाली बसून बघितलं. ब्लेडची एक कड चकचकीत झाली होती, मातीनं घासून आरशासारखी. आणि ती कड धारेची नव्हती, पाठीची होती. धारेवर मात्र भावानं लावलेलं ग्रीस तसंच, त्याला गवताची एक काडी चिकटलेली.

डावा आणि उजवा रोटर अदलाबदल झाला होता. दोन्ही दिसायला सारखेच, षटकोनी शाफ्टवर दोन्हीकडं बसतातही सुरेख. पण बाजू बदलली की धार मागं जाते आणि ब्लेडची बोथट पाठ जमिनीवर आपटत राहते. काठीनं जमीन बडवावी तसं. मशिन उड्या मारणार नाही तर काय करणार?

तपासायचं कसं: इंजिन बंद करा, प्लगची टोपी काढून बाजूला करा, गिअर न्यूट्रलला, मग हातमोजे घालून रोटर हातानं फिरवा. मशिनच्या चालीच्या दिशेनं, म्हणजे वरून पुढं, पुढून खाली. खाली जाताना मातीला आधी धार भिडली पाहिजे. पाठ भिडत असेल तर बाजू बदला. आता मी ब्लेड काढायच्या आधी रोटरच्या नळीवर ऑइलपेंटनं 'डा' आणि 'उ' लिहून ठेवलंय. खडूनं लिहू नका, धुताना जातं.

तिथंच ब्लेडची झीजही बघून घ्या. बोल्ट ढिला असेल तर ब्लेड मागं झुकतो, घुसत नाही. आणि रोटरची पिन तुटली तर खिळा वाकवून घालायचा मोह सगळ्यांना होतो. खिळा पुन्हा तुटतो. त्याहून वाईट म्हणजे कडक हायटेन्शन बोल्ट ठोकणं. दगड लागला की पिननं तुटायचं असतं, म्हणजे गिअर वाचतात. बोल्ट तुटंना म्हटल्यावर तुटायचं काम गिअर करतात.

वाफसा नसेल तर मशिनचा काय दोष

दुसरा फटका मे महिन्यात. शेपटी बरोबर, ब्लेड बरोबर, धारही करून घेतलेली. आणि मशिन जमिनीवर नाचतंय. शेपटीच मातीत रुतंना, फरशीवर काठी ओढावी तशी कर्रर्र करत मागं येतीय. तिला चौथ्या भोकात घाला नाही तर पाचव्या, कडक जमिनीत शेपटीचा काही उपयोग नाही.

आमचं परडं चिखलीच्या बाजूला, नदीकाठची काळी माती. काळ्या मातीचा गुण सगळ्यांना माहीत आहे: ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगा पडतात. उन्हाळ्यात ती विटेसारखी होते, पावसात लोण्यासारखी. खणण्याजोगी असते ते मधले थोडे दिवस. त्यालाच आपले जुने लोक वाफसा म्हणायचे, आणि बैलाच्या कुळवाला जो वाफसा लागायचा तोच या 7 एचपीलाही लागतो. मशिन आलं म्हणून वाफसा गेला असं होत नाही, हे मला पटायला एक उन्हाळा जावा लागला.

वाफसा बघायची रीत सोपी. वरची माती बघून भुलू नका, खुरप्यानं चार इंच खालची मूठभर घ्या. मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे, पण कमरेएवढ्या उंचीवरून सोडल्यावर फुटला पाहिजे. गोळाच होत नाही, भुगा होतो, म्हणजे कोरडं. खाली पडून चपटा झाला, किंवा बोटांत वळल्यावर शेवेसारखी वळी निघाली, म्हणजे ओलं. ओल्यात घातलं तर मशिन पळत नाही, उलट छान आत जातं, आणि तिथंच फसगत होते. ब्लेडना चिखल लिंपला जातो, खाली थर दाबून पक्का होतो, वर ढेकळं वाळतात. ती ढेकळं मग पुढच्या वेळी मशिनला उड्या मारायला लावतात. म्हणजे जूनमधली घाई ऑक्टोबरात पळायला लागते.

कोरडं असेल तर पाणी द्या, पण आज पाणी आणि उद्या मशिन असं काळ्या रानात जमत नाही. आमच्याकडं चार-पाच दिवस थांबावं लागतं, ऊन कसं आहे त्यावर. माझ्या मामाच्या गावाला, भुदरगडात, तांबडी माती. तिथं पाणी झिरपून जातं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाफसा येतो. पण तिथं जांभ्याचे खडे. खडा ब्लेडखाली आला की मशिन जी उडी मारतं ती या लेखातल्या कुठल्याच उपायानं थांबत नाही. खडे वेचा, रेस कमी ठेवा, आणि हँडल घट्ट धरण्यापेक्षा सैल पण सावध धरा, नाही तर मनगट जातं.

घाईच असेल आणि रान थोडं कडकच असेल, तर बाहेरचे ब्लेड काढून टाका. दोन्ही बाजूंचा शेवटचा संच काढला की रुंदी कमी होते, तेवढंच वजन आणि ताकद कमी ब्लेडांवर येते, ते आत शिरतात. पहिल्या फेरीत दोनच इंच जाऊ द्या. त्याच ओळीतनं दुसऱ्यांदा फिरवा, शेपटी एक भोक खाली, चार इंच. मग आडवं. एका फेरीत सहा इंच काढायचा हट्ट केला की मशिन आणि माणूस दोघंही उड्या मारतात. आमचं परडं चार गुंठे, म्हणजे 4356 चौरस फूट. तीन फेऱ्या मारल्या तरी दुपारच्या भाकरीच्या आत होतं, फक्त सकाळी लवकर उठायचं.

रेस अर्धी ठेवा, हेही इथंच सांगतो. कडक रानात पूर्ण रेस म्हणजे ब्लेड जमिनीवर आपटून वर उसळतात. हळू फिरले की चावतात.

पुरानं दिलेला दोरा

तिसरा फटका मला सगळ्यात महाग पडला.

2019 च्या ऑगस्टमध्ये आणि परत 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या परड्यात होतं. दुसऱ्या वेळी मशिन होतं, ते आम्ही आधीच माळ्यावर चढवलं. पाणी उतरलं तेव्हा परड्यात हातभर गवत आडवं झालेलं आणि त्यावर गाळ, वाळून भाकरीसारखा पापुद्रा आलेला. वाफसा बघून मशिन घातलं. सुरुवात झकास. दहा-पंधरा मिनिटांनी मशिन हळूहळू पळायला लागलं. एकदम नाही, जरा जरा करत. आधी चार इंच, मग तीन, मग नुसतं लोळण घेतल्यासारखं.

बंद करून बघितलं तर ब्लेड दिसतच नव्हते. सगळा रोटर एक गोल रूळ झाला होता. गवत, नायलॉनची सुतळी, ठिबकची काळी नळी, कोंबड्यांच्या जाळीची तार, आणि सगळ्यांवरून घट्ट गुंडाळलेला साडीचा जांभळा काठ, त्याची जरतार अजून चमकत होती. कुणाच्या दोरीवरची कुठून वाहून आली कुणास ठाऊक. ब्लेडची उंचीच त्या गुंडाळ्यानं भरून निघाली होती, मग आत जाणार काय?

विळ्यानं कापायला गेलो, जमेना. जुन्या हॅक्सॉचं पातं फडक्यात धरून कापलं, तासभर लागला. आणि इथं चूक केली. ब्लेडमधला गुंता काढला, पण गिअरबॉक्स आणि पहिल्या ब्लेडच्या मधल्या फटीत बघितलंच नाही. दोन दिवसांनी मशिनखाली तेलाचा डाग. सुतळी शाफ्टवरून आत आत सरकत ऑइल सीलच्या ओठात शिरली होती आणि तो कापला गेला होता. गिअर ऑइल तिथनं गळत होतं. मी तसंच चालवत राहिलो असतो तर आतले गिअर कोरडे पडून संपले असते.

म्हणून रोटर शाफ्टवरून पूर्ण ओढून काढा, पिन निघते, मग दोन्ही बाजूंची ती फट स्वच्छ करा. सील गेलं असेल तर "पॉवर वीडरचं सील द्या" म्हणून दुकानात उभं राहू नका, चार दुकानं फिरवतात. जुनं सील पुसून बरोबर न्या. त्यावर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. उद्यमनगरात त्या आकड्यांवर सील मिळतं, मशिन कुठल्या कंपनीचं हे कुणी विचारतसुद्धा नाही. मला एका दुकानदारानं आधी अख्खी गिअरबॉक्स असेंब्ली बदला म्हणून सांगितलं होतं. पलीकडच्या गल्लीत सील मिळालं, चहाच्या दोन कपांच्या हिशेबात. नंतर गिअर ऑइल पुस्तकात दिलं असेल त्याच ग्रेडचं भरा, माझ्या मशिनला 90 नंबरचं आहे.

तेव्हापासून दर दहा मिनिटांनी मशिन थांबवून खाली बघायची सवय लावून घेतलीय. उसाचं पाचट असेल तर पाच मिनिटांनी. पाचट आधी ओढून काढलं तर सगळ्यात बरं.

ब्लेड थांबत असतील तर

हे पटकन सांगतो. बेल्टवाल्या मशिनला क्लचचा लिव्हर दाबला की एक छोटी पुली बेल्टला ताण देते. केबल सैल झाली की ताण पुरत नाही, बेल्ट घसरतो, रबर जळल्याचा वास येतो. केबलला ॲडजस्टर असतो, चेकनट सैल करून थोडा थोडा फिरवा. दरवेळी लिव्हर सोडून बघायचं: इंजिन हळू चालू, लिव्हर सुटलेला, ब्लेड पूर्ण थांबलेले. जरा जरी फिरत असतील तर जास्त ताणलंय, परत सैल करा. हे विसरलात तर स्टार्टरची दोरी ओढताच मशिन अंगावर येईल. बेल्टच गुळगुळीत झाला असेल तर बदला, नंबर त्याच्या पाठीवरच असतो. 'ए 38' असं काही, अक्षर म्हणजे बेल्टची जाडी-रुंदी आणि आकडा म्हणजे इंचात लांबी.

आणि इंजिनच बसत असेल तर

फिल्टर. उन्हाळ्यात धुळीत चालवलं की फोम दोन-तीन दिवसांत भरतो. साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, थोडं इंजिन ऑइल लावून पिळून बसवा. कागदी असेल तर धुऊ नका, झटका किंवा बदला. प्लगचा गॅप माझ्या इंजिनला 0.7 ते 0.8 मिलिमीटर.

दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडतं, थोड्या वेळानं परत चालू होतं, परत बंद? टाकीचं झाकण सैल करून बघा. सुस्स् करून हवा आत गेली तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय. बारीक तारेचं काम आहे.

उतारावरच बंद पडतं आणि सपाटीला आणलं की सुरू होतं, तर ऑइल कमी असेल. ज्या इंजिनला ऑइलचा सेन्सर आहे ते तिरकं झालं की पातळी कमी समजून स्वतःच बंद होतं. ऑइल नेहमी सपाट जागी तपासा.

आणि पावसाळाभर पेट्रोल टाकीत ठेवून विजयादशमीला दोरी ओढत बसू नका. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल 20 टक्क्यांपर्यंत असतं आणि इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच कार्बोरेटरला नडतंय, तक्रार तरी कुणाकडं करायची! मशिन ठेवायच्या आधी टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. एवढं केलं की कार्बोरेटर साफ करायचे पैसे खरंच वाचतात.

ट्यूबचा तुकडा सोडा

एक गोष्ट चिडून लिहितोय. लिव्हर सतत दाबून बोटं दुखतात म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून तो कायमचा दाबून टाकायची पद्धत आमच्या भागात आहे. पळणाऱ्या मशिनबरोबर ही पद्धत म्हणजे पायाशी खेळ. पाय घसरला तर हात सुटल्यावर ब्लेड थांबले पाहिजेत, त्यासाठीच तो लिव्हर आहे. रिव्हर्समध्ये तर मशिन तुमच्याकडंच येत असतं आणि मागं बांध असतो. रिव्हर्स घ्यायचाच तर रेस अगदी कमी, आणि मागं एकदा वळून बघून. गमबूट घाला. चपलेत मशिन चालवणाऱ्या माणसाला मी तरी माझं मशिन देत नाही, मग तो कितीही जवळचा असो. तात्यांना हे माहीत आहे.

हरळी असेल तर आधी थांबा

मशिन नीट चालायला लागलं की पहिला उत्साह हरळीवर निघतो. माझाही निघाला. हरळीच्या प्रत्येक कांडीला डोळा असतो, मशिननं तिचे तुकडे केले आणि ओल होती, तर एका जागची हरळी पंधरा दिवसांत चार जागी. लव्हाळ्याच्या गाठींचंही तेच. हरळी असलेला कोपरा भर उन्हाळ्यासाठी ठेवा. वळवाच्या एखाद्या सरीनं वाफसा आला की उलथून काढा, कांड्या दाताळ्यानं ओढून गोळा करा, राहिलेल्या उन्हात वाळू द्या. पाऊस लागल्यावर तिथं मशिन घालूच नका, खुरपं बरं.

तात्यांच्या परड्यात तो कोपरा अजून तसाच आहे, मी हात लावू दिला नाही. बाकीचं रान दोन फेऱ्यांत झालं, दुपारी त्यांनी वांग्याची रोपं लावली. संध्याकाळी गेलो तर शेपटीच्या तिसऱ्या भोकाभोवती लाल ऑइलपेंटनं गोल काढलेला. आणि पोराच्या टेम्पोच्या फाळक्यावर, आतल्या बाजूनं, त्याच रंगात, मोठ्या अक्षरांत एकच शब्द: शेपटी.